बँजो कुणाचा? कंट्री संगीताच्या वादामागची जुनी गोष्ट

फेब्रुवारी २०२५ मध्ये बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला वर्षातला सर्वोत्तम अल्बम आणि सर्वोत्तम कंट्री अल्बम असे दोन्ही ग्रॅमी मिळाले. कंट्री अल्बमचा पुरस्कार कृष्णवर्णीय कलाकाराला मिळण्याची ही पहिलीच खेप. त्याआधी वर्षभर अमेरिकेत यावरून बरीच धुळवड झाली होती. अल्बममधलं 'टेक्सस होल्ड एम' हे गाणं आधी बाहेर आलं तेव्हा ओक्लाहोमातल्या एका रेडिओ स्टेशनने श्रोत्याची फर्माईश 'आम्ही कंट्री स्टेशन आहोत' असं कळवून परत पाठवली. चाहत्यांनी इमेल आणि फोनचा भडिमार केला, मग ते वाजलं.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतून आलेलं, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार आणि बँजोवर उभं राहिलेलं गाणं. नाव काढलं की हॅट घातलेला गोरा माणूस आणि त्याचा पिकअप ट्रक डोळ्यांसमोर येतो, कारण सिनेमांनी आपल्याला तेच दाखवलंय. त्यामुळे 'पॉप गाणारी ही बाई तिकडे कशाला गेली?' असा प्रश्न आपल्याकडेही पडला.

गंमत अशी, की ते गाणं सुरूच होतं बँजोने. तो वाजवलाय नॉर्थ कॅरोलायनाच्या रियानन गिडन्स या कृष्णवर्णीय कलावतीने. ती गेली वीसेक वर्षं या वाद्याचा इतिहास कार्यक्रमांतून सांगत आली आहे. तो इतिहास कळला, की रेडिओवाल्यांचं उत्तर जरा विनोदी वाटायला लागतं.

आधी वाद्य बघू

डफाला लांब दांडी बसवून त्यावर तारा ताणल्या, तर जे होईल तो बँजो. गिटारची पेटी सगळी लाकडाची. बँजोच्या पेटीचं तोंड मात्र कातड्याने मढवलेलं असतं (आता बहुतेक प्लास्टिक). तारेची थरथर घोडीतून थेट कातड्यावर उतरते. कातडं हलकं आणि ताणलेलं, त्यामुळे ते तो आवाज झटकन हवेत फेकतं. म्हणून बँजोचा स्वर टणकन उठतो आणि लगेच विरतो. गिटारचा स्वर रेंगाळतो, तशी सोय इथे नाही. वादकाला हात थांबवताच येत नाही, एकामागून एक स्वर पाडत राहावं लागतं. नाचाला बँजो इतका का चालतो, त्याचं कारण हेच. दमट हवेत कातडं सैलावतं आणि सूर उतरतो. आपल्याकडे हलगी शेकतात तीही याचसाठी.

दुसरी खूण आखूड तारेची. पाचतारी बँजोची एक खुंटी दांडीच्या टोकाला नसते, मध्येच कडेला खोचलेली असते. तिच्यावरची तार इतरांपेक्षा आखूड आणि चढ्या सुराची. ती अंगठ्याने छेडतात, तिचा सूर कधी बदलत नाही. सतारीत चिकारी जे काम करते, साधारण तेच.

तिसरी खूण हाताची. गिटार वाजवताना बोटं तारा वर ओढतात. बँजोच्या सगळ्यात जुन्या पद्धतीत बोटाचं नख तारेवर वरून खाली आदळतं आणि त्याच झटक्यात अंगठा आखूड तारेत अडकून सुटतो. याला तिकडे क्लॉहॅमर म्हणतात. कातडं, आखूड तार आणि खाली पडणारं नख, या तीन खुणा पुढे साक्षीदार म्हणून लागणार आहेत.

आफ्रिकेतून आला हे कशावरून?

गॅम्बिया, दक्षिण सेनेगल आणि गिनी-बिसाउच्या किनाऱ्यावर जोला नावाचे लोक राहतात. भातशेती करणारे, ताडी उतरवणारे. त्यांच्याकडे आकोन्टिंग नावाचं वाद्य आहे. वाळवलेला भोपळा अर्धा कापून त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं. दांडी भोपळ्याच्या आरपार जाऊन पलीकडून बाहेर डोकावते. तारा तीन, त्यातली एक आखूड आणि ती अंगठ्याची. तारा पूर्वी ताडाच्या मुळांच्या तंतूंपासून करत, आता मासेमारीच्या नायलॉनच्या दोरीपासून. आणि वाजवतात कसं? नख वरून खाली, मागोमाग अंगठा.

या वाद्याकडे जगाचं लक्ष गेलं ते अगदी अलीकडे. डॅनियल जाट्टा या गॅम्बियाच्या जोला माणसाने आपल्याच समाजातल्या वादकांकडून ते शिकून घेतलं आणि २००० साली बोस्टनमध्ये बँजो संग्राहकांच्या मेळाव्यात ते दाखवलं. बँजोचं मूळ इथे आहे, असं त्याचं म्हणणं. तोवर अभ्यासकांची नजर होती ती पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रियोंच्या वाद्यांवर. ग्रियो म्हणजे वंशपरंपरेने राजेरजवाड्यांच्या वंशावळी आणि पराक्रम गाणारे, आपल्या भाट-शाहिरांच्या जातकुळीचे. त्यांचा न्गोनी, त्यांचा हालाम ही लाकूड कोरून केलेली वाद्यं. आकोन्टिंग मात्र साध्या शेतकऱ्याचं, संध्याकाळी काम आटोपल्यावर ताडीसोबत वाजवायचं. गुलाम म्हणून पकडून नेलेल्यांत ग्रियो थोडे असणार आणि शेतकरी पुष्कळ, हे ध्यानात घेतलं तर जाट्टांच्या म्हणण्याला वजन येतं.

म्हणून आकोन्टिंग हाच बँजोचा बाप, असं ठोकून देऊ नये. कातड्याच्या तोंडाची, आरपार दांडीची तंतुवाद्यं पश्चिम आफ्रिकेत डझनावारी आहेत. शिवाय आफ्रिकेतल्या या वाद्यांची दांडी गोल काठीसारखी असते आणि सूर लावायला बहुधा दांडीवर सरकणारी कडी असतात. जुन्यातल्या जुन्या बँजोंना मात्र चपटी दांडी आणि फिरवायच्या खुंट्या आहेत, म्हणजे युरोपीय वाद्यांसारख्या. सरळ अर्थ असा, की बँजो आफ्रिकेत जसाच्या तसा नव्हता. तो घडला कॅरिबियन बेटांवर, वेगवेगळ्या प्रदेशांतून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या हातून, समोर दिसलेल्या युरोपीय वाद्यांच्या खुंट्या उचलून.

जहाजातून वाद्य आणलं कसं?

बहुतेक आणलंच नाही. साखळदंडांत बांधलेल्या माणसाला सामान कुठलं? काही जहाजांवर कप्तान कैद्यांना डेकवर आणून चाबकाच्या धाकाने नाचायला लावत, 'माल' धडधाकट उतरावा म्हणून. तेवढ्यापुरतं ढोलाचं किंवा हाती लागेल त्याचं वादन होई. बाकी सगळं आलं ते कानांत आणि बोटांत. बेटांवर भोपळे होते, बकऱ्या होत्या, घोड्याचे केस होते. वाद्य नव्याने बांधायला आणखी काय लागतं?

पहिला ठोस पुरावा जमैकाचा. हान्स स्लोन हा आयर्लंडमध्ये जन्मलेला डॉक्टर १६८७ मध्ये तिथल्या गव्हर्नरसोबत गेला. पुढे ज्याच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं तोच हा स्लोन. १७०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने गुलामांची भोपळ्याची तंतुवाद्यं चित्रासह दिली आहेत, तारा घोड्याच्या केसांच्या किंवा वेलींच्या सोललेल्या देठांच्या असल्याचं लिहिलंय. इतकंच नाही, बाप्टिस्ट नावाच्या एका वादकाकडून त्याने त्यांच्या काही चाली स्वरलिपीत उतरवून घेतल्या. अमेरिका खंडात आफ्रिकी संगीत कागदावर उतरल्याचा हा सर्वांत जुना नमुना समजला जातो.

स्लोन आणखी एक गोष्ट नोंदवतो. या लोकांना सणावारी पूर्वी कर्णे आणि पोकळ झाडाचे ढोल वाजवू देत, पण आफ्रिकेत ही वाद्यं लढाईत वाजतात, त्यातून बंडाला चिथावणी मिळेल, म्हणून बेटावर ती बंद केली. भोपळ्याच्या तारांना मात्र कुणी हात लावला नाही.

खुद्द जुनी वाद्यंही थोडीफार उरली आहेत. सुरिनाममधून १७७० च्या दशकात स्टेडमन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने नेलेलं एक वाद्य नेदरलँड्समध्ये लायडनच्या संग्रहालयात आहे. हैतीत १८४१ मध्ये गुलामगिरीविरोधी फ्रेंच नेता व्हिक्टर शोल्शेर याने मिळवलेलं दुसरं पॅरिसमध्ये. गुलामांचे बँजो आज बघायचे तर युरोपात जावं लागतं, हाही या कहाणीचाच भाग.

ढोलांवर बंदी आणि पायांचा ताल

९ सप्टेंबर १७३९. साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला. शस्त्रांचं दुकान फोडलं आणि ढोल वाजवत, वाटेत माणसं गोळा करत ते दक्षिणेकडे, स्पॅनिश फ्लोरिडाच्या दिशेने निघाले. उठाव त्याच दिवशी मोडून काढला गेला. पुढच्याच वर्षी वसाहतीने कायदा केला: गुलामांनी ढोल, शिंगं किंवा एकमेकांना इशारा देता येईल असं मोठ्या आवाजाचं कुठलंही वाद्य बाळगायचं नाही.

'ढोल गेले म्हणून बँजो आला' असं एक सुटसुटीत वाक्य बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते अर्धवट आहे. बँजोचे पूर्वज बंदीच्या आधीपासून वाजत होते, आणि हा कायदा एका वसाहतीचा होता. पण ढोलावर संशयाची नजर पडली की ताल कुठे जाणार? तो अंगावर गेला. मांड्या, छाती, तळवे थापटून केलेल्या तालाला जुबा म्हणतात. जॉर्जिया-कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर, गला-गीची नावाच्या कृष्णवर्णीय समाजात, रिंग शाउट हा प्रकार आजही चालतो. लोक गोल धरून पाय फारसे न उचलता घसटत फिरतात, एक जण गातो, बाकीचे झेलतात, आणि एक माणूस झाडूचा दांडा लाकडी जमिनीवर आपटत ठेका धरतो. ढोल नाही, पण पायाखालची अख्खी जमीन ढोलाचं काम करते.

न्यू ऑर्लिन्समध्ये हवा निराळी होती. तिथे रविवारी गुलामांना जमायची मुभा होती आणि काँगो स्क्वेअर या मैदानात ढोल उघड वाजत. फेब्रुवारी १८१९ मध्ये वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब तिथून जात होता. त्याला लांबून घोडे लाकडी फरशीवर पाय आपटत असल्यासारखा आवाज आला. जवळ गेला तर शेकडो माणसं छोट्या छोट्या वर्तुळांत नाचत होती. एका घोळक्यात ढोलावर बसून हातांनी वाजवणारे लोक आणि त्यांच्याजवळ भोपळ्याचं तंतुवाद्य घेतलेला, ऐंशी-नव्वदीचा वाटावा असा एक लहानखुरा म्हातारा. वाद्याच्या दांडीच्या टोकाला बसलेल्या माणसाची ओबडधोबड मूर्ती कोरलेली आणि तिच्या पाठीमागे दोन खुंट्या. लॅट्रोबला संगीत मुळीच आवडलं नाही. पण त्याने वहीत वाद्यांची चित्रं काढून ठेवली, याबद्दल त्याला सगळं माफ.

बंदीतून नवं वाद्य निघण्याचं खरं नाट्य मात्र त्रिनिदादमध्ये घडलं. तिथे १८८० च्या दशकात ब्रिटिशांनी कार्निव्हलमधल्या ढोलांवर निर्बंध आणले. लोक वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरू लागले. पुढे १९३० च्या दशकात डबे, बिस्किटांचे पत्रे, आणि मग तेलाची पिंपं. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा आणि त्यात एकेक स्वर बसवायचा, असा स्टीलपॅन घडला. २०२४ मध्ये त्रिनिदाद-टोबॅगोने त्याला कायद्याने राष्ट्रीय वाद्य ठरवलं.

मग तो गोऱ्यांचा कधी झाला?

१७८० च्या दशकात तो निःसंशय कृष्णवर्णीयांचा होता. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन व्हर्जिनियावरच्या पुस्तकात एका तळटीपेत लिहून गेला, की यांचं खास वाद्य बँजो असून ते त्यांनी आफ्रिकेतून आणलं. आयुष्यभरात ६०० हून अधिक गुलाम बाळगलेल्या माणसाची ही साक्ष. त्याच सुमाराचं एक जलरंगचित्र व्हर्जिनियात विल्यम्सबर्गच्या संग्रहालयात आहे, साउथ कॅरोलायनाच्या जॉन रोज या मळेवाल्याने काढलेलं. गुलामांच्या खोपट्यांपुढे नाच चाललाय. काठी घेतलेला एक पुरुष, हातात वस्त्र धरलेल्या दोन बाया. उजवीकडे बसलेला माणूस भोपळ्याचा बँजो वाजवतोय, त्याच्या शेजारी दुसरा दोन काड्यांनी छोटा ढोल. नीट बघितलं तर बँजोला चार तारा दिसतात आणि त्यातली एक आखूड.

ही आखूड तार महत्त्वाची, कारण पुढे कित्येक वर्षं पुस्तकांतून असं छापलं गेलं की ती जोएल स्वीनीने शोधली. स्वीनी व्हर्जिनियातला गोरा माणूस, जन्म १८१० चा. म्हणजे चित्रातली तार त्याच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठी! त्याने फार तर एक खर्जाची तार वाढवली असेल. बँजो तो शिकला शेजारच्या कृष्णवर्णीयांकडूनच, आणि १८३० च्या दशकात तोंडाला काळं फासून रंगमंचावर उतरला.

या प्रकाराला मिन्स्ट्रेल शो म्हणतात. गोऱ्या नटांनी जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासायची, फाटके कपडे घालायचे, बँजो वाजवत गुलाम कसे आळशी, मूर्ख, पण मळ्यावर सुखी आहेत, हे दाखवून हशा पिकवायचा. १८४३ मध्ये 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' या चौघांच्या मंडळीने न्यू यॉर्कमध्ये याचा पूर्ण खेळ उभा केला आणि पुढची पन्नासेक वर्षं अमेरिकेची सगळ्यात लाडकी करमणूक ही होती. आपल्याकडेही ती पोहोचली. १८६० च्या दशकात डेव्ह कार्सन हा अमेरिकन मिन्स्ट्रेल मुंबई-कलकत्त्यात खेळ करत होता. इथे आल्यावर त्याने टिंगलीचा विषयही इथलाच घेतला, बंगाली बाबूवर गाणं रचलं.

मागणी वाढली तसं वाद्यही बदललं. बाल्टिमोरच्या विल्यम बाउचरने १८४० च्या दशकात भोपळ्याच्या जागी वाकवलेल्या लाकडाचं कडं आणि कातडं ताणायला ढोलासारखे लोखंडी आकडे बसवून बँजो विक्रीला काढले. मग पडदे आले, धातूच्या तारा आल्या. १८८० पर्यंत शहरी गोऱ्या घरांतल्या मुली दिवाणखान्यात बँजोचे धडे घेत होत्या. आणि ज्यांचं वाद्य, त्यांना ते हातात धरायची लाज वाटू लागली. स्वाभाविकच होतं. प्रत्येक नकलाकाराच्या गळ्यात अडकवलेलं वाद्य घेऊन शहरात नव्याने मान मिळवू बघणारा माणूस कसा फिरेल? गिटार स्वस्त झाली होती, ती डागाळलेलीही नव्हती. बरेच जण तिकडे वळले.

एकाच पिकाची दोन पोती

तरीही १९०० च्या आसपास दक्षिणेच्या खेड्यांत फिडल आणि बँजोवर नाच वाजवणारे संच गोरेही होते, कृष्णवर्णीयही होते, आणि एकमेकांच्या चाली सर्रास उचलत होते. फिडल युरोपातून आलेलं, पण मालकाच्या मेजवान्यांत ते वाजवणारे अनेकदा गुलामच. बँजो आफ्रिकेकडचा, पण डोंगराळ भागातल्या गोऱ्यांच्या हातात मुरलेला. गाणं वाटून घ्यावं असं तिथे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

ते आलं रेकॉर्ड कंपन्यांच्या. १९२० मध्ये ओके कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचं ब्लूज (कृष्णवर्णीयांचं सुखदुःखाचं गाणं) छापलं आणि ते तुफान खपलं. १९२३ मध्ये त्याच कंपनीच्या राल्फ पीअरने अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या फिडलवाल्याचं ध्वनिमुद्रण केलं, तेही खपलं. मग कंपन्यांनी कॅटलॉग दोन केले. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकासाठी 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्या खेडवळ गिऱ्हाइकासाठी 'हिलबिली'. एकाच शेतातला तांदूळ दोन पोत्यांत भरून दोन नावांनी विकावा, तसं. पण तांदळाला फरक पडत नाही, गाण्याला पडला. ध्वनिमुद्रणाला आलेल्या कृष्णवर्णीय वादकाकडे ब्लूज मागितलं जाई. त्याने फिडल-बँजोवरची नाचाची चाल वाजवली तर ती कुठल्या कॅटलॉगात घालायची? त्यामुळे अशा संचांची ध्वनिमुद्रणं फारच थोडी झाली. पुढच्या पिढीने ऐकल्या त्या तबकड्या आणि धरून चालली, की ते लोक हे वाजवतच नव्हते. १९४९ मध्ये बिलबोर्ड साप्ताहिकाने लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांची नावं सभ्य केली, 'रिदम अँड ब्लूज' आणि 'कंट्री अँड वेस्टर्न'. भिंत होती तिथेच राहिली. ओक्लाहोमाच्या स्टेशनने २०२४ मध्ये जे उत्तर दिलं, त्याची मुळं या कॅटलॉगांत आहेत.

भिंतीत फटी होत्याच. डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाचा सुरुवातीपासूनचा तारा. डिसेंबर १९२७ मध्ये निवेदकाच्या तोंडून कार्यक्रमाचं हे नाव पहिल्यांदा निघालं, त्या रात्री त्याने आगगाडीची हुबेहूब नक्कल करणारी धून वाजवली होती. दौऱ्यावर मात्र गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. उरलेलं आयुष्य त्याने नॅशव्हिलमध्ये बुटांना पॉलिश करण्याचं दुकान चालवून काढलं. १९८२ मध्ये तो गेला आणि २००५ मध्ये कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.

पण संगीताला मालक कशाला हवा?

हा आक्षेप रास्त आहे. सूर कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो. व्हायोलिन युरोपातून आलं म्हणून कर्नाटक संगीतातून कुणी ते काढायला सांगत नाही. गोऱ्यांनी बँजो खाली ठेवावा, असं गिडन्सही म्हणत नाही. आणि अर्ल स्क्रग्जने १९४५ नंतर तीन बोटांची जी झपाट्याची पद्धत ब्लूग्रास या कंट्रीच्या वेगवान शाखेत आणली, ती त्याच्या प्रतिभेचीच. ब्लूग्रासचा प्रवर्तक बिल मन्रो स्वतः सांगत असे, की लहानपणी केंटकीत आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचा त्याच्यावर फार प्रभाव होता. असं मोकळेपणाने सांगणारा माणूस असला की भांडण उरत नाही.

अडतं ते दुसरीकडे. लेस्ली रिडलचं उदाहरण बघा. नॉर्थ कॅरोलायनाचा हा कृष्णवर्णीय गिटारवादक, सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात एक पाय गमावलेला. कंट्रीचं मूळ घराणं समजल्या जाणाऱ्या कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला गावोगाव हिंडत, तेव्हा रिडल बरोबर असे. काम वाटलेलं होतं. कार्टर शब्द उतरवून घेत आणि रिडल चाल डोक्यात साठवून आणे, कारण कार्टरांच्या ध्यानात चाली टिकत नसत. घरी परतल्यावर तो ती कुटुंबातल्याच मेबेल आणि सारा कार्टर यांना वाजवून दाखवी. मेबेलच्या प्रसिद्ध गिटारवादनातही त्याची शिकवण आहे. गोळा केलेल्या गाण्यांचे हक्क नोंदवले गेले ए. पी. कार्टर यांच्या नावावर. लोकगीताला रचनाकार नसतो हे खरं. पण त्याची नोंदणी करणाऱ्याला पैसे मिळतात, हेही तितकंच खरं. मालकीचा प्रश्न निघतो तो इथून. 'संगीत सगळ्यांचं' हे वाक्य बहुतेक वेळा ज्याच्या नावावर नोंद झालेली असते, त्याच्याच तोंडून ऐकू येतं, असं माझं मत आहे.

पुन्हा हातात

एप्रिल २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात बून इथल्या विद्यापीठात कृष्णवर्णीय बँजोवादकांचा एक मेळावा भरला. तिथे गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघे भेटले. मग ते मेबेन गावच्या जो थॉम्पसनकडे जाऊ लागले. थॉम्पसन तेव्हा ऐंशी ओलांडलेला फिडलवादक, घराण्यातून आलेली कृष्णवर्णीय नाचसंगीताची परंपरा जपणाऱ्या मोजक्या लोकांपैकी. त्याच्या घरी बसून वाजवायचं, चुकलं की पुन्हा. शिकवणं असं काही नाही, नुसतं सोबत वाजवणं. आपल्याकडे गुरूच्या मागे बसून तंबोरा धरणाऱ्यांना ही पद्धत नवीन वाटणार नाही. या तिघांच्या 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' संचाला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. थॉम्पसन २०१२ मध्ये गेला. २०२३ मध्ये गिडन्सला संगीताचं पुलित्झर मिळालं, मायकेल एबल्ससोबत रचलेल्या एका ऑपेरासाठी. त्याचा नायक ओमर इब्न सइद, सेनेगलच्या भागातून कॅरोलायनात गुलाम म्हणून आणलेला मुस्लिम विद्वान.

तिच्या हातात पुष्कळदा असतो तो १८५८ च्या नमुन्यावरून केलेला, बिनपडद्यांचा बँजो. म्हणजे मिन्स्ट्रेल काळातलाच. त्या डागाळलेल्या वाद्याचा आवाज खोल आणि मऊ आहे, ब्लूग्रासच्या कडकडाटाशी त्याचं फारसं जमत नाही. एकदा दोन्ही लागोपाठ ऐकून बघा.

आपला बेंजो तोच का?

नाही. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीत जो वाजतो, तो बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. तो आला जपानच्या ताइशोगोतोवरून, जो १९१२ मध्ये नागोयात तयार झाला. त्याला ना कातडं, ना अंगठ्याची तार. हे नाव त्याला चिकटलं एवढंच.

आफ्रिकी वाद्यपरंपरेशी आपला खरा धागा वेगळ्या समुद्रावरून आलेला आहे. पूर्व आफ्रिकेतून हिंदी महासागर ओलांडून आणलेल्यांचे वंशज म्हणजे सिद्दी. मुरुड-जंजिऱ्याची गादी १९४८ पर्यंत त्यांच्याकडे होती. उत्तर कन्नडमधले सिद्दी दमामा या ढोलाच्या तालावर नाचतात आणि त्यांच्यातले बरेच जण घरात कोंकणी बोलतात. गुजरातेत रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यावर धमाल नावाचा नाच होतो, तिथे ढोलांसोबत मालुंगा नावाचं वाद्य असतं: लाकडी धनुष्य, एक तार, तारेला बांधलेला भोपळा आणि मारायला काडी. ब्राझीलमध्ये अंगोलाकडून नेलेल्या लोकांच्या वंशजांकडे बेरिंबाव आहे. तेही धनुष्यच, तीच एक तार, तोच भोपळा, तीच काडी. मालुंगाची अवस्था मात्र वेगळी. बेरिंबाव कापोएरा या ब्राझीलच्या नाचासारख्या लढाईच्या खेळाबरोबर जगभर गेला, त्याचे वर्ग युरोपातल्या शहरांतही चालतात. मालुंगा वाजवणारे हात आता थोडेच उरलेत, आणि ते शिकायचं तर अजूनही गुजरातेतल्या सिद्द्यांच्या वस्तीतच जाऊन बसावं लागतं.